सरळ की कुरळी?

“सडकी केळी आहेत का?”

हा प्रश्न मी विचारला, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या खांद्यामागून कुणीतरी तोच विचारला. फरक एवढाच, की त्याच्या प्रश्नात ‘आहेत’च्या जागी ‘हायत’ होतं.

वर्ध्याच्या बाजारात वच्छलाबाईंचा केळ्यांचा गाडा असतो. फेब्रुवारीची सकाळ होती, ऊन अजून माणसात होतं. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आज काय झालं बापा? चांगली केळी कोनालेच नाई पायजे?”

गाड्याखाली एकच फणी होती. पार काळी पडलेली, आंबूस-गोड वासाची, अगदी मला हवी तशी. मी हात घातला. त्यानंही घातला. फणीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या.

“मी आधी विचारलं,” मी म्हणाले.

“सोबतच इचारलं.” उंच, सावळा मुलगा. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी दुमडायची राहून गेलेली. “मले माश्या धरायच्या हायत. तुमाले कायले पायजे?”

आता आली का पंचाईत! भर बाजारात एका अनोळखी मुलाला काय सांगणार?

“मले बी… माश्याच धरायच्या हायत.”

घाबरले किंवा चिडले की माझी जीभ तडक सेलूला जाते. तिथं आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथलीच माझी भाषा. तो क्षणभर बघत राहिला आणि मग असा हसला की वच्छलाबाईही हसल्या.

“रीता मॅडमच्या लॅबमधल्या काय तुमी? मी नागसेन. आंजी मोठीचा. आजच जॉईन झालो. मॅडमनं पयलं काम हेच सांगतलं, काळी केळी आन.”

“ते काम माझं आहे!”

“मंग अर्धी-अर्धी करू.” त्यानं फणी मधोमध तोडली. मोठा तुकडा माझ्याकडे आला, हे मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं… आणि मी उगाचच सुट्टे पैसे शोधायला लागले.

आमची संशोधन संस्था वर्ध्याहून सेलूकडे जाताना लागते. तिथं रीता मॅडमची फळमाश्यांची लॅब आहे. मॅडमच्या हाताखाली आलेला विद्यार्थी पहिले सहा महिने प्रयोगाला हात लावत नाही. मका-गुळाचं खाद्य शिजवायचं, माश्या ठेवायच्या काचेच्या कुप्या, म्हणजे व्हायल, धुवायच्या, आणि माश्या बघायच्या. नुसत्या बघायच्या. ‘डोळा बसला पाहिजे,’ असं त्या म्हणतात. नव्याला शिकवायचं काम जुन्यानं करायचं, आणि जुनी म्हणजे मी, रक्षा. काळजी करणं हा माझा खरा विषय. जनुकशास्त्र त्यानंतर येतं.

काळजीला कारणही होतं. माझी भानगड अशी होती: प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माझ्या माश्यांमध्ये एका जनुकाची एक प्रत मोडलेली होती. जिची दुसरी प्रत शाबूत, तिचे पंख कुरळे. ती आम्हीच बसवलेली खूण. जिच्या दोन्ही मोडलेल्या, तिचे पंख सरळ. पण सरळ पंखांची माशी कधी जन्मतच नव्हती, कोशातच मरून जायची. मला तिला जगवायचं होतं, दुसऱ्या एका जनुकाचा टेकू देऊन. दोन वर्षं मी एका सरळ पंखाची वाट बघत होते. मेच्या शेवटी समिती बसणार होती, आणि तोवर काही हाती लागलं नाही तर विषय बंद. समिती ओरडत नाही. ‘तुम्ही दुसरं काही बघा,’ असं गोड आवाजात सांगते. त्या गोड आवाजाच्या भीतीनं मी नखं खाऊन संपवली होती.

मॅडमचा आणखी एक नियम होता. स्वतःच्या माश्या स्वतः मोजायच्या नाहीत. आपल्याला जे हवं तेच डोळ्याला दिसतं म्हणे! कुठली व्हायल कसली हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचं, आणि आपण फक्त लिहायचं. माझा मोजणारा कोण, हे सांगायला नको.

“कुरळी… कुरळी… कुरळी…” नागसेन भिंगाला डोळा लावून, रंगाच्या बारीक ब्रशनं एकेक माशी बाजूला सारत म्हणायचा. आवाज खालचा, संथ. कूलरचे तुषार दोघांच्या हातांवर उडायचे. मी खुणा करत जायची.

एकदा तो “कुरळी” म्हणाला, आणि मी खूण केली. पुन्हा म्हणाला, “कुरळी.” मी पुन्हा केली. मग मान वर केली तर याचा डोळा भिंगाला नव्हताच. तो माझ्याकडे बघत होता.

“नागसेन! ही कुठली मोजली?”

“समोरची.” माझ्या केसांकडे ब्रश दाखवून म्हणाला. “इतकी कुरळी खूण आजवर पाह्यली नाई. शंकाच नाई राह्यत.”

“खूण खोडावी लागली मला! माश्या मोजा.”

“तुमी म्हनू नका. मी तुह्या हाताखाली शिकून राह्यलो, मी तू म्हनतो का? …अरे, म्हनलोच की.”

माझे कान तापले. माझे केस लहानपणापासून असे. सेलूच्या शाळेत मला स्प्रिंग म्हणायचे. त्यांच्याकडे बघून कुणी मोजायचं विसरेल, असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, आणि मला एरवी येतो तसा राग आला नाही. त्याचीच मग काळजी वाटायला लागली.

मी त्याला मनापासून शिकवत होते. एप्रिल लागला तसं शिकवणं म्हणजे मुख्यतः उन्हाची भीती घालणं झालं. आमच्याकडे मेमध्ये रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं माशीचं काय! “गरमीत नर वांझ होतात. माश्यांची पंचवीस अंशांची पेटी उघडी ठेवू नकोस. वीज गेली तर आधी माश्या, मग तू.” तो मान डोलवत ऐकायचा. “अन् तू?” त्यानं एकदा विचारलं. “वीज गेली तं तुले कोन वाचवते?” मी त्याला खाद्याचं पातेलं घासायला लावलं.

मेच्या मध्यावर मावसबहिणीचं, अंकिताचं लग्न आलं. सेलूला चार दिवस जाणं भाग होतं. माझी शेवटची तुकडी तेव्हा कोशात होती. टेकू दिलेल्या माश्या, यापुढे समितीआधी दुसरी तुकडी होणं शक्य नव्हतं. तुलनेसाठीची, टेकू न दिलेली तुकडी आधीच मोजून झाली होती. तिच्यात नेहमीप्रमाणे सगळ्या कुरळ्या.

“जाय तू. मी हाय ना,” नागसेन म्हणाला.

हळदीच्या दिवशी माझ्या हातात हळद कमी आणि फोन जास्त होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, संस्थेतली वीज गेलती, पंचवीसची पेटी बंद पडली.

“माह्या माश्या?”

“मजेत हाय. मी सांभाळलं. पेटीवाला आलताच, उद्या दुरुस्त होते. तू जेवली का?”

“नाई.”

“मंग जेव. माश्या झाल्या, आता तू.”

मी हसले असेन, कारण फोन ठेवला तर आई समोर उभी होती. आईच्या, म्हणजे शोभाबाईंच्या, नजरेतून दुकानातला खिळाही सुटत नाही.

“कोनाचा फोन होता?”

“लॅबमधला. नागसेन.”

“आडनाव काय त्याचं?”

मी म्हटलं, मांडवात कुणीतरी हाक मारतंय, आणि निघून गेले. मांडवात कुणीही हाक मारत नव्हतं. आईला तेही ठाऊक होतं.

परत आले तेव्हा माश्या जाग्यावर होत्या, पंचवीसच्या पेटीत, ओळीनं. एक दिवस उशिरा निघाल्या, पण निघाल्या. नागसेननं भिंगाला डोळा लावला. मी पेन धरलं.

“कुरळी… कुरळी…” मग तो थांबला. ब्रश हवेतच राहिला. “रक्षा…”

“काय झालं? मेल्या?”

“सरळ.”

“नीट बघ.”

“सरळच हाय. अन् हे बी… सरळ. सरळ, रक्षा!”

मी त्याला जवळजवळ ढकलूनच भिंगापाशी गेले. पांढऱ्या पट्टीवर इवलीशी लालडोळी माशी, आणि तिचे पंख पाठीवर सपाट, स्वच्छ, सरळ! दोन वर्षं ज्यांची वाट बघितली ते पंख. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, भिंगात काही दिसेना. त्याचा हात टेबलावर होता. माझा हात त्याच्यावर कधी गेला मला कळलं नाही. काढायला हवा हे कळलं, पण उशिरा कळलं. त्यानंही काढला नाही.

“समिती होऊ दे,” मी कशीबशी म्हणाले.

“मंग?”

“मंग… बघू.”

“बघू म्हंजे हो का?”

“म्हंजे समिती होऊ दे!”

पुढचा आठवडा मी हवेत होते, आणि हवेतही काळजी करत होते. तक्ते झाले, चित्रं झाली. समितीच्या आदल्या दिवशी सकाळी अंकिता वर्ध्याला माझ्या खोलीवर आली, केस सरळ करायचं तिचं नवं मशीन घेऊन. “असं झाड घेऊन जाशील का समितीपुढे?” असं म्हणत तिनं तासभर माझ्या डोक्याशी झुंज घेतली. आरशात एक वेगळीच, शहाणी मुलगी दिसली. केस खांद्यावर सपाट, स्वच्छ, सरळ.

लॅबमध्ये नागसेन व्हायल धूत होता. मला बघून हातातली व्हायल त्यानं तशीच धरून ठेवली.

“हे काय केलं?”

“चांगलं नाही दिसत?”

“दिसते ना… चांगलंच दिसते.” बिचाऱ्यानं प्रयत्न केला. “पन या उनात इस्त्रीच्या गरमीनं केस भाजून आली. अशीच फिरली तं एक दिवस तुले बी तुह्या माश्यांसारखं अठराच्या पेटीत ठेवा लागते.”

मी हसले. हसता हसता थांबले.

“अठराच्या?”

“हो ना. वीज गेली तवा. जनरेटरवर ते अठरा अंशांचीच पेटी चालू होती. तिच्यातच ठेवल्यात, दोन दिवस. म्हनून तं वाचल्या!” तो अभिमानानं म्हणाला.

मी स्टुलावर बसले, बसले म्हणजे पडलेच. कूलर घरघरत होता आणि मला घाम फुटला होता.

कोशात असताना थंडी लागली, तर कुरळ्या पंखांची कुरळेपणाची खूण पुसली जाते. पंख सरळ दिसतात. आतल्या जनुकात काही बदललेलं नसतं. माशी कुरळीच, फक्त दिसायला सरळ. हे नव्याला पहिल्याच महिन्यात सांगायचं असतं. मला सांगितलं होतं. मी नागसेनला सांगितलं नव्हतं. उन्हाचे दहा नियम सांगितले, थंडीचा एकही नाही. वर्ध्यात थंडीची भीती कुणाला सुचणार?

“रक्षा, काय झालं? बोल ना. चूक झाली काय माह्याकडून?”

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना, आणि तरी मी ओरडलेच. “मले काऊन नाई सांगतलं तू? फोनवर एक शब्द! मजेत हाय म्हने!”

“मले वाटलं थंडीत बऱ्या राह्यतीन…”

“दोन वर्सं, नागसेन! उद्या सकाळी समिती हाय!”

तो ओले हात शर्टाला पुसत उभा राहिला. मग म्हणाला, “तपासता येते का आज?”

येत होतं. सरळ दिसणाऱ्या माश्या एकेक करून चिरडायच्या, त्यांचा डीएनए काढायचा, आणि कुरळेपणाचं गुणसूत्र आत आहे का ते बघायचं. असलं तर जेल नावाच्या पारदर्शक वडीवर पट्टी उमटते. दुपारभराचं काम होतं. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून केलं. नळ्या तो भरत होता, त्यांच्यावर आकडे मी घालत होते. मी मनात एकच म्हणत होते, एक तरी खरी निघू दे. एक!

संध्याकाळी निळसर उजेडात जेल ठेवलं. तो मोजणारा, मी लिहिणारी, सवयीनं तसेच उभे राहिलो.

“कुरळी,” तो हळूच म्हणाला. “कुरळी… कुरळी…” शेवटच्या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. “कुरळी.”

मी पेन खाली ठेवलं.

“मी मॅडमले सांगतो,” तो म्हणाला. “आताच. माश्या मी हलवल्या, तुले ठाऊकच नव्हतं. समितीले काय सांगायचं ते मॅडम पाहतीन. तुह्यावर काऊन यावं?”

रडू येत होतं, राग येत होता, आणि त्या सगळ्याच्या खाली एक भलतीच गोष्ट कळत होती, की याच्यावर मला नीट रागावताच येत नाहीये. यानं माझ्या माश्या वाचवायला धाव घेतली होती. मी सांगितलेलं सगळं पाळलं होतं. आधी माश्या, मग तो.

“प्रयोग माझा आहे,” मी म्हणाले. “सांगणार मी.”

“अन् विषय बंद केला तं?”

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

समितीत चौघं होती. मधे रीता मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर. मी उभी राहिले. पहिलंच चित्र लावलं, सरळ पंखांच्या माशीचं. बाहेरगावाहून आलेले सर पुढे झुकले, “वा!” म्हणाले. त्या ‘वा’वर गप्प बसता आलं असतं… मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. दुसरं चित्र जेलचं होतं. तेही लावलं.

“ही माशी सरळ दिसते. पण ती कुरळी आहे,” मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला.

“नागसेनला शिकवायचं काम कुणाकडे होतं?”

“माझ्याकडे, मॅडम.”

“थंडीचं सांगितलं होतंस?”

“नाही. उन्हाचंच सांगत राहिले. वर्ध्यात थंडीची भीती…” बाहेरगावचे सर खो-खो हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

“बाहेर थांब.”

मी व्हरांड्यात थांबले. वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. आत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खाकरलं, माझा जीव त्या दाराच्या कडीत अडकला होता. दार उघडलं ते मॅडमनीच.

“नोव्हेंबरपर्यंत मुदत. नवी तुकडी कर, आणि तुलनेची तुकडी बरोबरच वाढव, एकाच पेटीत. नोव्हेंबरमध्ये सरळ निघाली नाही, तर मी स्वतः विषय बंद करीन.” वळता वळता थांबल्या. “मोजायला तोच ठेव. तुझ्याकडे बघून ‘सरळ’ म्हणणारा मिळेल कुणीही, ‘कुरळी’ म्हणणारा शोधावा लागतो.”

मला कळेना, त्या माश्यांबद्दल बोलल्या की… चेहऱ्यावरून तर काही समजत नव्हतं.

नागसेन मागच्या नळापाशी, कडुनिंबाखाली उभा होता. हातात पिशवी. मला बघून तो दोन पावलं पुढे आला. माझ्याहून जास्त नखं त्यानं खाल्ली असावीत.

“नोव्हेंबर,” मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मग पिशवी पुढे केली. आत केळी होती. पिवळीधमक, एकही डाग नसलेली.

“वच्छलाबाई म्हने, आज चांगली कायले? मी म्हनलं, आज खायसाठी हायत.”

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही. ऊन डोक्यात गेलं होतं, सपाट केस मानेला चिकटले होते. मी नळ सोडला आणि सरळ डोकं खाली धरलं. कोमट पाणी हळूहळू गार झालं. उभी राहिले तर पाणी कपाळावरून, कानांवरून ओघळत होतं, आणि एकेक बट आपापल्या जागी गोल होऊन वर चढत होती. अंकिताची सगळी मेहनत वाहून गेली.

नागसेन बघत होता. भिंगाशिवाय.

“मोज,” मी म्हणाले.

“कुरळी,” तो म्हणाला. आवाज खालचा, संथ, पण आज थोडा कापरा. “काल दिसून राह्यली होती सरळ… पन आतून कुरळीच. रक्षा, माश्यांची चूक झाली माह्याकडून. याच्यात नाई होनार. मले तू पायजे. समिती तं झाली ना आता?”

समिती झाली होती. नोव्हेंबरची भीती होती, आईच्या प्रश्नाची त्याहून मोठी होती, आणि मी केसांतून पाणी निथळत उभी होते.

“आईनं तुझं आडनाव विचारलं होतं,” मी म्हणाले. “मी टाळलं होतं.”

त्याचा चेहरा जरासा मिटला. त्याला ते नवीन नव्हतं.

“आज सांगनार हाय,” मी म्हणाले. “आडनाव बी, अन् बाकीचं बी. पयल्याच चित्रात.”

मी पिशवीतून एक केळं सोललं, अर्धं मोडून त्याला दिलं. मोठा तुकडा त्याच्याकडे गेला, हे त्यानं पाहिलं.

“बघू म्हंजे हो का?” त्यानं विचारलं.

“हो म्हंजे हो,” मी म्हणाले. “लिहून घे.”